अश्वगंधेवरचं संशोधन बाटलीवर छापण्याइतकं पक्कं आहे का?

दुधीभोपळा (धागाकर्ता)

हल्ली कोणी झोप लागत नाही म्हटलं की समोरचा "अश्वगंधा सुरू कर" सांगून मोकळा होतो. वर "सायंटिफिकली प्रूव्हन आहे" हे शेपूट असतंच. म्हणून हा धागा. माझी बाजू आधीच सांगून टाकतो: संशोधन झालंय, ते खोटंही नाही, पण त्याच्या नावावर जे खपवलं जातंय ते फार पुढे निघून गेलंय.

सगळ्यात जास्त पुढे केला जातो तो २०१२ चा अभ्यास. ताणाखालची ६४ माणसं, दोन महिने. निम्म्यांना रोज दोनदा ३०० मिलिग्रॅम मुळांचा अर्क, बाकीच्यांना प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच कॅप्सूल). अर्कवाल्यांचं रक्तातलं कॉर्टिसॉल सुमारे २८ टक्क्यांनी उतरलं, प्लासिबोवाल्यांचं ८ टक्क्यांच्या आसपास. जाहिरातीतले ते "स्ट्रेस हार्मोन २८ टक्के कमी" इथून आलेत. आता ६४ चे दोन गट केले की एकेका बाजूला लग्नातली एक पंगतसुद्धा भरत नाही! पुढचे अभ्यासही साधारण याच मापाचे. २०१५ मध्ये वजनं उचलणारे ५७ तरुण, ८ आठवडे. २०१९ मध्ये ६० जण, ६० दिवस. आणि आपल्याकडे लोक डबा संपला की दुसरा आणतात, वर्षानुवर्षं.

झोपेचं म्हणाल तर २०२१ मध्ये पाच चाचण्यांतल्या ४०० जणांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. परिणाम दिसला, पण लहान. निद्रानाश असलेल्यांत जरा जास्त, तोही ६०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा आठ आठवडे घेतल्यावर. रीलमधली बाई "पहिल्याच रात्री फरक" म्हणते.

मिरजेचा वैद्य

दुधीभोपळा, तुमच्या आकड्यांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते तुम्ही कशाला अश्वगंधा म्हणताय त्याच्याशी. अष्टांगहृदयात "पीताश्वगन्धा पयसार्धमासं" असं आहे. म्हणजे दुधातून (पुढे तूप, तेल, कोमट पाणी हेही पर्याय दिलेत) अर्धा महिना. आणि कोणाला? कृश माणसाला, पुष्टीसाठी. आजही चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम धरतात. तुम्ही तपासताय ती घट्ट केलेल्या अर्काची कॅप्सूल, घेणारा ऑफिसात बसून वजन वाढलेला, अग्नी मंद, आणि मुदत अमर्याद. आरोपीच्या पिंजऱ्यात निदान आरोपी तरी तोच उभा करा.

आणि "संशोधन म्हणजे कंपन्यांचं" हा सूर कोणी लावण्याआधी सांगतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेल, शतावरी, अश्वगंधा यांवर काम केलं तेव्हा जिम आणि गमीज हा बाजारच नव्हता. १९९१ मध्ये पुण्यातल्या मंडळींनी संधिवाताच्या ४२ रुग्णांवर अश्वगंधा, सालई, हळद आणि जस्त असलेलं औषध डबल ब्लाइंड पद्धतीने (कोणाला खरं औषध, हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही माहीत नसतं) तपासलं, वेदना कमी झाल्याचं दाखवलं.

दुधीभोपळा

वैद्यबुवा, त्या औषधात चार गोष्टी होत्या. श्रेय एकट्या अश्वगंधेला कसं द्यायचं? आणि ग्रंथातली मात्रा वेगळी, मुदत वेगळी, माणूस वेगळा, हे तुम्हीच म्हणताय. मग डब्याच्या पाठीवर "५००० वर्षांची परंपरा" कशाला? परंपरेने पंधरा दिवस सांगितलेत.

कडूकारलं

२०२० आठवतंय का? आयआयटी दिल्ली आणि जपानच्या संशोधकांनी संगणकावर दाखवलं की विथॅनोन हा अश्वगंधेतला रेणू कोरोनाच्या एका एन्झाइमवर बसू शकेल. संगणकावर! आठवड्याभरात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर "जपानने मान्य केलं" आणि किराणावाल्याकडचं चूर्ण संपलं.

कोपनहेगनकर

इथे डेन्मार्कमध्ये २०२३ पासून अश्वगंधेच्या सप्लिमेंटवर बंदी आहे. आधार २०२० चा तांत्रिक विद्यापीठाचा अहवाल. थायरॉइड आणि लैंगिक हार्मोनवर परिणाम, गर्भपाताची शंका, आणि सुरक्षित मात्रा ठरवता येत नाही असा निष्कर्ष. इथली मराठी मंडळी आता सुटीत येताना बॅगेतून आणतात, ते सोडा.

मिरजेचा वैद्य

त्या अहवालावर भारतातून आक्षेप गेलेत, आणि मुख्य मुद्दा रास्त आहे: मूळ आणि पान यांची सरमिसळ. विथाफेरिन ए हा पेशींना जाचक पदार्थ पानात जास्त असतो. पान स्वस्त, अर्कातल्या सक्रिय घटकांचा टक्का वाढवायला सोयीचं. आयुष मंत्रालयानेच २०२१ मध्ये उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवलं होतं. आम्ही पोटात देतो ते मूळ.

कडूकारलं

आणि झोपेबद्दलचा गाजलेला जपानी प्रयोग (२०१७, त्सुकुबा) पानांतल्या पदार्थावरचा आहे. तोही उंदरांवर. म्हणजे पुरावा हवा तेव्हा पान चालतं, विषय यकृताला होणाऱ्या इजेचा निघाला की मूळ!

नीमचवाला

मी मालाच्या बाजूने बोलतो. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरच्या मंडीत मूळ हातात घेऊन भाव ठरतो. जाड, लांब, मोडलं की टचकन तुटणारं, आतून पांढरंशुभ्र, असा माल वरच्या भावाला जातो. ती पांढरी भर म्हणजे पिठूळपणा, स्टार्च. बारीक, तंतूदार मुळं खालच्या भावात, आणि अर्कवाले बहुतेक तीच उचलतात. एकाच शेतातून निघालेल्या दोन ढिगांचं नाव मात्र एकच.

दुधीभोपळा

हा मुद्दा कोणत्याच जाहिरातीत नाही, लिहिल्याबद्दल आभार.

यकृताचं बोलूच. २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतल्या पाच रुग्णांची नोंद झाली: कावीळ, अंगाला खाज. चौघं बरे झाले, काहींना महिने लागले; पाचव्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही. २०२३ मध्ये भारतातली नोंद आली. त्यात फक्त अश्वगंधाच असलेली उत्पादनं घेतलेले आठ जण होते. पाच जणांना आधीपासून यकृताचा आजार होता, त्यातले तिघं दगावले. लाखो लोक घेतात त्यात हे थोडेच, मान्य. पण ज्याला स्वतःच्या फॅटी लिव्हरचा पत्ताच नाही, त्याने डब्यावरचा "१०० टक्के नैसर्गिक" वाचून काय समजायचं?

रानमोगरी

सासूबाई थायरॉइडची गोळी घेतात आणि महिनाभर चूर्णही. थांबवू का?

मिरजेचा वैद्य

गोळी स्वतःहून कमी-जास्त करू नका. चूर्ण तूर्त बंद ठेवा आणि टीएसएच (थायरॉइडचं काम किती चालतंय ते सांगणारी रक्तचाचणी) करून घ्या.

दुधीभोपळा

इथे वैद्यबुवांशी एकमत. थायरॉइड किंचित मंदावलेल्या ५० जणांवर २०१८ मध्ये चाचणी झाली, आठ आठवड्यांत टीएसएच उतरलं, म्हणजे थायरॉइडचं काम वाढलं. जाहिरातवाले ही आनंदाची बातमी म्हणून सांगतात. गोळीवर असलेल्या माणसाला त्याचा अर्थ डोस जास्त होण्याची शक्यता. धडधड, हाताला कंप, वजन उतरणं असं काही आहे का बघा, आणि गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना चूर्णाचं नक्की सांगा. बहुतेक लोक तेवढंच सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसतं.

मिरजेचा वैद्य

औषध आहे हे तुमच्याकडून लिहून घेतलं. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.