१२ इंची सबवूफर, ४+४ ओहम, याला कोणता ॲम्प (ॲम्प्लिफायर) घेऊ?

सिडकोकर_स्विफ्ट:
नमस्कार मंडळी, स्विफ्टच्या डिकीत टाकायला १२ इंची सबवूफर घेतलाय, ड्युअल व्हॉइस कॉइल, म्हणजे आत दोन कॉइल, ४+४ ओहम. खोक्यावर मोठ्या अक्षरात १२०० वॅट मॅक्स आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात आरएमएस (सतत चालणारी पॉवर) ३०० वॅट. नाशिकच्या द्वारकाजवळचे एक दुकानवाले म्हणतात २ चॅनलचा ॲम्प घे, ब्रिज करून (दोन्ही चॅनल एकत्र जोडून) देतो, त्याच्यावर पण १२०० लिहिलंय म्हणजे जोडी जमली. इकडे मित्राचा मोनोब्लॉक (एकाच चॅनलचा ॲम्प) पडून आहे, ४ ओहमला २५० आणि २ ओहमला ४०० वॅट आरएमएस, स्वस्तात देतोय, पण ४०० म्हणजे सबपेक्षा जास्त झाले ना, कॉइल जळेल का? ढोल वाजला की ढोलच वाटला पाहिजे, नुसती घरघर नको.

अंबड_वायरिंग:
भाऊ डोळे झाकून मोनोब्लॉक घे. १२०० हा आकडा दोन्ही खोक्यांवरचा विसरून जा, तो क्षणभराचा पीक असतो, जुळवायचं ते आरएमएस आणि ओहम. तुझ्या सबच्या दोन्ही कॉइल पॅरलल जोडल्या तर २ ओहम होतात, सिरीज जोडल्या तर ८. एका सबमधून ४ ओहम नीट निघतच नाही, कारण एकच कॉइल जोडून दुसरी मोकळी सोडणं चुकीचं. आणि २ चॅनलचे बहुतेक ॲम्प ब्रिज केल्यावर ४ ओहमच्या खाली चालत नाहीत, २ वर टाकला तर तापून प्रोटेक्टमध्ये जाईल, म्हणजे स्वतःच बंद पडेल, ८ वर टाकला तर ४ ओहमच्या साधारण निम्मी पॉवर मिळेल. म्हणजे दुकानवाल्यांची जोडी कुठूनच जमत नाही. मोनोब्लॉक २ ओहमला चालतोच, प्रश्न मिटला.

गंगापूररोड_बेस:
वरच्यांशी सहमत. ४०० ला घाबरू नको, ॲम्प थोडा मोठा असलेला बरा. छोटा ॲम्प लोक पिळून पिळून वाजवतात, मग सिग्नल क्लिप होतो, म्हणजे लाटेचे शेंडे कापले जातात, आणि कॉइल त्याच्यानेच गरम होऊन जळतात. फक्त ॲम्पवरचा गेन नीट लाव, ते व्हॉल्यूमचं बटण नाही. सबच्या वायरी ॲम्पमधून काढ, स्टिरिओचा बेस आणि लाउडनेस शून्य, आवाज पाऊणपर्यंत, ५० हर्ट्झचा ० डीबीचा टोन लाव आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर धर. ३०० वॅट गुणिले २ ओहम म्हणजे ६००, त्याचं वर्गमूळ साधारण २४.५ व्होल्ट. गेन हळूहळू वाढवत मीटर २४ च्या आसपास आला की थांब. बेस बूस्ट शून्यच ठेव, लो पास (याच्या वरचे आवाज सबला न देणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास. आणि ढोल ऐकायचाय तर सील्ड (पूर्ण बंद) बॉक्स कर, ठोका सुटा सुटा येतो, पोर्टेडला (हवेसाठी भोक असलेल्या बॉक्सला) आवाज मोठा मिळतो पण बॉक्स नीट ट्यून केलेला नसला की ठोके एकमेकात मिसळतात.

सिडकोकर_स्विफ्ट:
खूप आभार दोघांचे. आत्ताच मीटर लावून बघितला, प्रत्येक कॉइल ३.६ दाखवतेय, ४ नाही. पीस खराब आहे का?

अंबड_वायरिंग:
एकदम बरोबर आहे. मीटर डीसी रेझिस्टन्स मोजतो, तो लिहिलेल्या ओहमपेक्षा थोडा कमीच येतो. पॅरलल केल्यावर १.८ च्या आसपास आला की जोडणी बरोबर झाली समज, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, एक कॉइल उलटी लागली तर बेस गायब होतो. आता वायरीत पैसे वाचवू नको. ४०० वॅट काढायचे तर बॅटरीतून ३५ ते ४० अँपिअर खेचणार, खऱ्या तांब्याची ८ गेज तरी पाहिजे, बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर भरपूर मिळते, टोक खरवडून बघ, आत पांढरं दिसलं तर परत दे. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, ग्राउंड डिकीतच पत्र्याचा रंग घासून पक्का बोल्ट करून. आरसीए केबल (स्टिरिओकडून ॲम्पला सिग्नल नेणारी) पॉवरच्या वायरीपासून लांब, गाडीच्या दुसऱ्या बाजूने ने, नाहीतर ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टी येते.