ऑर्किडवरचा चिकटा

वैशाली, बी-३०२: ग्रुपवर कुणाला ऑर्किडची माहिती आहे का? माझ्या फॅलेनॉप्सिसची पानं आठवडाभर चिकट लागताहेत. ओल्या फडक्याने पुसते, दोन दिवसांत परत पाक सांडल्यासारखं. कुंडीखालची फरशीसुद्धा पायाला चिकटते. पाणी जास्त होतंय का?

हर्षल, ए-१०४: ताई, कीडच असणार. शेतावर कपाशीचं औषध उरलंय, उद्या घेऊन येतो. एकदा मारलं की विषय संपला.

जिभाऊ, बी-१०१: हर्षल, ते औषध घरात आणू नको बेटा. वैशालीकडे रांगतं लेकरू आहे. २०१७ साली यवतमाळला उघड्या शेतात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी गेले, ही तर बंद गॅलरी.
वैशाली, हाऊ ते कपाशीना चिकटा शे. मावा पडला की कपाशीचं पान असंच तेल ओतल्यासारखं चमकतं. कीड पानातला गोड रस ओढते आणि न पचलेली साखर मागून टाकते. पण ऑर्किड कीड नसतानाही गोड थेंब सोडतं, म्हणून आधी नीट पाहून सांग. चिकट पानावर आहे की फुलाच्या दांड्यावर? मुंग्या शेतस का?

वैशाली: पानाच्या वरच्या बाजूला. दांड्यावर कळीखाली दोन थेंब आहेत, काचेच्या मण्यासारखे स्वच्छ. मुंग्यांची तर ग्रिलपासून रांग लागलीय.

जिभाऊ: कळीखालचे थेंब झाडाचा स्वतःचा मध आहे, त्याला हात लावू नको. मुंग्या त्यालाही येतात, म्हणून नुसत्या मुंग्यांवरून कीड आहे असं म्हणता येत नाही. पानावरचा चिकटा मात्र वरून गळतो. जे पान चिकट आहे त्याच्या वरचं पान उलटून बघ. मोबाईलची बॅटरी लाव. मधली शीर आणि पान बुडाशी जिथे मिळतं ती खाच, दोन्ही बघ.

वैशाली: शिरेला लागून तपकिरी ठिपके आहेत, मसुराच्या डाळीपेक्षा लहान. मी इतके दिवस पानाचेच डाग समजत होते. खाचेत बोंडातून निघाल्यासारखा पांढरा कापूस आहे.

जिभाऊ: एक ठिपका नखाने उचकट.

वैशाली: अख्खा निघाला! खालचं पान हिरवंच आहे. नखाला ओलं लागलं.

जिभाऊ: म्हणजे खवले कीड. डाग असता तर निघाला नसता. पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. दोन्ही एकदम आल्यात.

भूषण, सी-२०२: वहिनी, माझ्या मेडिकलमधून ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानाच्या काड्या पाठवतो. हाताचं सॅनिटायझर वापरू नका, जेलमधलं ग्लिसरीन पानावर राहतं.

जिभाऊ: बरोबर. आधी कुंडी बाकीच्या झाडांपासून लांब ने. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर काम कर. आपल्याकडे एप्रिलात बेचाळीस-त्रेचाळीस असतं, अल्कोहोल लावलेलं पान उन्हात भाजतं. एका पानाच्या कोपऱ्यावर आधी थोडं लावून बघ, दुसऱ्या दिवशी ठीक असेल तर पुढे जा. काडी अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक ठिपका खरवडून काढ. खवल्याच्या पाठीवर ढालीसारखं कवच असतं, वरून फवारलेलं औषध आत पोचत नाही. म्हणून हातानेच काढायचं. खाच राहिली तर सगळं परत येतं. मग अंघोळीच्या नाही, भांड्याच्या साबणाच्या अगदी पातळ पाण्याने पान पुसून साध्या पाण्याने पुसून घे. मधल्या कोंबात पाणी साचू देऊ नको, कोंब कुजला तर झाड हातचं जातं. कवचाखाली अंडी असतात, ती नंतर फुटतात. दर आठ दिवसांनी हेच कर, निदान चार वेळा.

कल्पना काकू, ए-३०१: माझ्या मोगऱ्याच्या पानांवर काजळी धरलीय. तीही यामुळेच का?

जिभाऊ: हो काकू, चिकट्यावर काळी बुरशी धरते. ती पुसून निघते, पण पानाच्या पाठीमागची कीड आधी शोधा.

हर्षल: जिभाऊ, चुकलं. पण ही कीड तिसऱ्या मजल्यावर आली कुठून?

जिभाऊ: गेटजवळची जास्वंद बघ, शेंडे पांढरे पडलेत. भिंतीलगत गाजर गवत माजलंय, त्यावरही पिठ्या ढेकूण असतो. पिल्लं वाऱ्यावर जातात, कपड्यांवर येतात, मुंग्याही उचलून नेतात. २००६-०७ च्या सुमारास हाच पिठ्या कपाशीवर आला तेव्हा बांधावरचं गाजर गवत उपटल्याशिवाय काही जमत नव्हतं. रविवारी सकाळी सातला विळा घेऊन येतो. जास्वंदीचे शेंडे छाटून पिशवीत बांधायचे, कंपोस्टात टाकायचे नाहीत.

हर्षल: मी येतो.

*(नऊ दिवसांनी)*

वैशाली: आज दुसऱ्यांदा पुसलं. बॅटरीच्या उजेडात शिरेवरून मोहरीच्या दाण्याहून बारीक पिवळसर पिल्लं हळूहळू सरकताना दिसली. पहिल्या दिवशी एकही नव्हतं.

जिभाऊ: तीच अंड्यातून आलेली. अजून कवच धरलेलं नाही, आत्ता पुसलीस तर सगळी जातील. फरशी?

वैशाली: कोरडी आहे. कळीखालचे थेंब तसेच आहेत, पुसले नाहीत.