मदत हवी आहे : परप्रांतीय कुटुंबांच्या पॅरिशमध्ये एकोपा कसा साधावा?

नमस्कार. चंद्रपूर जिल्ह्याच्या राजुरा तालुक्यातील एका छोट्या कॅथलिक पॅरिशच्या (एका चर्चच्या भाविक-समुदायाच्या) कौन्सिलवर मी काम करतो. कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि बल्लारपूरची पेपर मिल यांच्यामागे जी माणसे या भागात आली, त्यांतूनच आमची बहुतेक कुटुंबे आलेली आहेत : मल्याळी, तेलुगू, आणि छत्तीसगड-झारखंडकडील उरांव व खडिया कंत्राटी कामगार. मूळ मराठी घरे मोजकीच. चांदा (चंद्रपूर) हे क्षेत्र १९६२ साली केरळच्या सीरो-मलबार (पूर्वापार सीरियन रीत पाळणाऱ्या कॅथलिक शाखेच्या) धर्मगुरूंकडे सोपवण्यात आले आणि १९७७ मध्ये त्याचा धर्मप्रांत झाला, त्यामुळे आमची उपासना त्याच रीतीने होते. उरांव मंडळी मात्र लॅटिन (रोमन) रीतीत वाढलेली असल्याने, उपासना हिंदीत असली तरी त्यांना भाविकांनी म्हणायची प्रत्युत्तरे येत नाहीत आणि ती शेवटच्या रांगेत पुस्तक मिटून उभी राहतात.

मागे आम्ही खाद्यमेळा भरवला. मल्याळींचा कप्पा, झारखंडचा धुसका आणि इथला वडाभात एकाच मांडवात आले, पण ज्याने त्याने आपल्याच माणसांच्या टेबलावर ताट भरले. (फोटो तेवढे छान आले.) याउलट, भर पावसाळ्यात एका मल्याळी आजींच्या दफनाच्या वेळी काळ्या मातीतली कबर पाण्याने भरू लागली, तेव्हा उरांव पोरांनी बादल्यांनी पाणी उपसले आणि तेलुगू बायांनी आजींच्या घरची चूल सांभाळली. हे काम कोणी वाटून दिलेले नव्हते. म्हणून मेळ्यांपेक्षा अडीनडीच्या कामांवर माझा अधिक भरवसा आहे. पण ती नित्याची कशी करावीत, हे मला उमगत नाही.

दुसरा पेच भाषेचा आहे. मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात आणि आपसांत अशी वऱ्हाडी बोलतात, की कोणाचा बाप कुठला हे ओळखू येऊ नये. सगळी उपासना मराठीत करावी, असे तरुणांचे म्हणणे आहे. म्हाताऱ्यांना मायबोलीतली प्रार्थना सोडवत नाही आणि त्यांचे मला चुकीचे वाटत नाही. वसईकडे मराठी उपासना रुळलेली आहे, हे मी जाणतो, पण तेथील रीत लॅटिन असल्याने तेथून गीते घेता येतील, प्रार्थनाविधी जसाच्या तसा घेता येणार नाही.

कौन्सिलची निवड रविवारच्या उपासनेनंतर होते आणि कंत्राटी कामगार तेव्हा बहुधा पाळीवर असतात, म्हणून त्यांच्यातले कोणी कौन्सिलवर येतच नाही. भाषावार प्रतिनिधी घ्यावेत, असा एक प्रस्ताव आहे. त्याने प्रत्येकाला खुर्ची मिळेल, पण गट अधिकच घट्ट होतील, अशी मला धास्ती वाटते. वस्तीवार प्रतिनिधी घ्यावेत, तर कामगारांच्या चाळीतील कुटुंबे कंत्राट संपले की निघून जातात.

आपल्यापैकी कोणाच्या पॅरिशमध्ये वस्तीवार रचना टिकली असल्यास, बदलत्या कुटुंबांचे तुम्ही काय केलेत? आणि मल्याळी कुटुंबांचा १ ते ८ सप्टेंबरचा मरियेचा उपास व उरांवांची नवाखानी (नव्या पिकाचा सण) एकत्र जोडून, नव्या धानाच्या लोंब्या वेदीवर आणण्याचा विधी कोणी केला आहे का? ज्येष्ठांचा विरोध झाला असल्यास तोही सविस्तर लिहावा.