थंडीत सकाळी जुनी गाडी लवकर स्टार्ट होत नाही, बॅटरी आणि प्लग ओके आहेत – मदत हवी आहे

मंडळी, जरा डोकं लावा. गाडी वीस वर्षांच्या पुढची आहे, पेट्रोल, एमपीएफआय (कार्ब्युरेटर नाही, इंजेक्टरने पेट्रोल देणारी), मॅन्युअल गिअर. एरवी हाफ सेल्फमध्ये उठते, पण पारा खाली गेला की सकाळची पहिली स्टार्ट म्हणजे नुसता वैताग. सेल्फ जोरात फिरतो, आवाजात कुठेही मरगळ नाही, पण इंजिन पकडतच नाही. बराच वेळ सेल्फ मारल्यावर एखादा सिलेंडर पेटल्यासारखा होतो, मग दुसरा, आणि धडपडत एकदाची चालू होते. त्यानंतरही मिनिटभर आरपीएम खालीच, पाय काढला की बंद. थंड इंजिनला जी आपोआप जास्त रेस मिळायला हवी ती मिळतच नाही. आणि एकदा गरम झाली की दिवसभर बटर, कुठेही बंद करा, लगेच स्टार्ट.

मेकॅनिकचं म्हणणं, आधी बॅटरी बदला, नाही झालं तर प्लग, तरी नाही झालं तर पंप. म्हणजे माझ्या खर्चाने त्याचे प्रयोग. म्हणून म्हटलं आधी घरीच मोजून बघू.

बॅटरी रात्रभर उभी राहून सकाळी १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४ च्या खाली जात नाही, म्हणजे ती सुटली. अर्थिंगही बघितलं, मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिन ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारला तर ०.२ व्होल्ट, त्यामुळे तिथेही काही नाही. तसंही बॅटरी किंवा अर्थचा घोळ असता तर सेल्फच रडत फिरला असता ना?

मग वाटलं रात्रीत पेट्रोलचं प्रेशर उतरत असेल, पंपातला व्हॉल्व्ह लीक होऊन. म्हणून चावी ऑन करून पंपाची घरघर थांबेपर्यंत थांबायचं, ऑफ, परत ऑन, असं करून मग सेल्फ मारला. काही फरक नाही. स्टार्ट न झालेल्या अवस्थेत प्लग काढले तर कोरडे ठणठणीत, पेट्रोलचा वासही नाही. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला तर आणखीनच बेकार. म्हणजे ओव्हरफ्लो होत नाहीये, उलट पेट्रोल कमी पडतंय असा माझा अंदाज.

आता खरी गंमत. सकाळी चावी नुसती ऑन करून स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली रीडिंग दाखवणारं यंत्र) लावला तर हवेचं तापमान ११ आणि कूलंटचं ३८! रात्रभर उघड्यावर उभी गाडी, पाणी ३८ कसं असेल? चेक इंजिन लाइट मात्र नाही, बिघाडाचा कोडही नाही, आणि डॅशबोर्डचा काटा अगदी तळाला म्हणजे थंडच दाखवतोय, त्यामुळे गोंधळलोय. हा कूलंट सेन्सरच का? आणि नवीन न घेता खात्री कशी करायची?

प्रतिसाद १
चावी ऑन-ऑफचा टेस्ट बरोबर केलात, निम्मे लोक तिथेच पंप बदलून मोकळे होतात. डॅशबोर्डच्या काट्यावर जाऊ नका, बऱ्याच जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा (एका वायरचा) आणि ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) वेगळा (दोन वायरचा) असतो. ईसीयूला इंजिन कोमट वाटतंय म्हणून तो थंडीचं जादा पेट्रोल देत नाहीये, रेसही वाढवत नाहीये. कोड येत नाही कारण ३८ हा काही अशक्य आकडा नाही.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत, पण कनेक्टर नीट बघा. या सेन्सरचा रेझिस्टन्स थंडीत जास्त आणि गरमीत कमी असतो, साधारण २० डिग्रीला २ ते ३ किलोओहम, ८० ला ३०० ओहमच्या आसपास, गाडीप्रमाणे थोडं इकडेतिकडे. पिना गंजून कॉन्टॅक्ट ढिला झाला तर रेझिस्टन्स वाढतो, म्हणजे ईसीयूला इंजिन आहे त्यापेक्षा थंड वाटेल. तुमचं उलटं आहे. एक तर सेन्सर गेलाय, नाहीतर कूलंट झिरपून दोन पिनांच्या मध्ये ओल धरलीये.

धागाकर्ता
हे भारी सांगितलंत! कनेक्टर काढला, आत कोरडं आणि स्वच्छ आहे. थंड इंजिनवर सेन्सर मोजला तर १.२ किलोओहम.

प्रतिसाद २
मग सेन्सरच. तरी खात्री हवी असेल तर एका वायरमध्ये २.२ किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाका, स्कॅनरवर दहा-बाराच्या आसपास दिसायला लागेल. तशात सकाळी पटकन उचलली तर विषय संपला. फक्त स्टार्ट झाली की बंद करून लगेच काढा, नाहीतर गरम झाल्यावरही ईसीयू थंड समजून पेट्रोल ओतत बसेल आणि फॅनही वेळेवर लागणार नाही. सेन्सर बदलताना इंजिन पूर्ण थंड असू द्या, कूलंट बाहेर येणारच. नंतर लेव्हल भरून सिस्टीममधली हवा काढा, कारण नवा सेन्सर हवेच्या बुडबुड्यात अडकला तर तोही चुकीचंच रीडिंग देणार.