उत्तर : उत्तर : वाड्याच्या सफाईचं सामान (ॲसिड थांबवा!)

मंडळी,
धनत्रयोदशीच्या आधी टेम्पो दर्यापूरहून वाड्यावर जाणार, म्हणून यादी आजच भाऊंना पाठवायची आहे. आतापर्यंत धरलेलं : शिंदीचे फडे 6, खराटे 4, फुलझाडू 4, जाळे काढायचा लांब दांड्याचा झाडू 1, पांढरं फिनाईल 10 लिटर, ब्लीचिंग पावडर 5 किलो, साबणाच्या वड्या 2 डझन, ॲसिडच्या बाटल्या 12. ओसरीची फरशी मागे पांढरीफटक दिसत होती, म्हणून ॲसिड वाढवलंय. कोठीची खोली रिकामीच आहे, वर्षभराचं एकदम भरून टाकू. कोणाचं काही राहिलं असेल तर लगेच सांगा.
– सचिव, मेलबर्न

---

यादी आधी माझ्याकडे यायला हवी होती. गणपतीच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पुन्हा सांगत नाही. फडे 6 कशाला? मागचे कुठे गेले?
– खजिनदार

---

ताई, 12 बाटल्या ॲसिड कायले पाह्यजे? ओसरीवर शहाबादी हाय, ग्रॅनाइट नाई. मांगं कोनं तरी संडासातली बाटली कोपऱ्यात ओतली, तवा फरशी कशी फसफसली ते म्या डोयानं पाह्यलं. तेवढा तुकडा आजबी खरबडीत हाय, सारा मळ त्याच्यातच जाऊन बसते. अन् ते पांढरं दिसते ना, तो डाग नाई, बोरच्या पान्याचा खार हाय. आपला खारपानपट्टा हाय बाप्पा, जमिनीतलंच पानी खारं! बोरच्या पान्यानं पुसलं का वाळल्यावर पांढरंच दिसन. आमच्या घरी शेवटचा हात शहानूर धरनाच्या नळाच्या पान्यानं मारते, मंग कोरड्या फडक्यानं पुसते. काई दिसत नाई.
खजिनदार साहेब, मांगचे फडे उंदरानं खाल्ले. उभे ठेवले होते, टांगले नाई.
– वाड्याशेजारून, भाऊ

---

भाऊंचं शंभर टक्के बरोबर. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. ॲसिड पडलं की विरघळतो तो दगडच. लिंबाच्या रसानंसुद्धा त्याची चकाकी जाते. संडासाच्या भांड्यापुरत्या 2 बाटल्या बस झाल्या.
ब्लीचिंगचंही तसंच. 5 किलो घेऊन ठेवाल, पण उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो आणि कोठीवर पत्रा आहे. उष्णता नि ओल लागली की त्यातला क्लोरीन उडून जातो, डब्यात मागे राहतो तो जवळपास चुनाच. 1 किलो घ्या, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, संपलं की ताजं आणा. आणि हात जोडून सांगतो, ॲसिड व ब्लीचिंग एका बकेटीत जाऊ देऊ नका, एका फळीवर ठेवूसुद्धा नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. वाड्याच्या न्हाणीघराला खिडकी केवढीशी आहे ते तुम्ही पाहिलंच आहे.
साबणाच्या वड्याही यादीतून काढा. बोरच्या पाण्यात फेस येत नाही, नुसता साका धरतो आणि तोच फरशीवर चिकटून बसतो. धुण्याची पावडर घ्या. वाचलेल्या पैशात 4 बकेटी आणि भरपूर सुती फडकी येतील. एक बकेट बोरच्या पाण्याची, दुसरी नळाच्या. दोन्हींचा रंग वेगळा घ्या, नाहीतर संध्याकाळपर्यंत सगळी सारखीच.
– मस्कत

---

पोछ्याचं मी बघते, येताना मायक्रोफायबरचे दोन मॉप आणते. मशीनमध्ये धुता येतात.
– न्यू जर्सीची वहिनी

---

वहिनी, आणा, पण माडीवरच्या गुळगुळीत टाइल्सपुरते. ओसरीच्या फरशीला सांधे आहेत, त्यात ते धागे अडकतात आणि ओढलं की लोंबतात. वाड्यावर मशीन नाही. शिवाय माजघराच्या मागची खोली अजून सारवलेली आहे, तिथे ओला मॉप फिरवला तर शेणाचा पोपडा मॉपलाच येईल.
आणि फुलझाडू बाजारातून आणून तसेच वापरू नका, त्यांचा भुसा घरभर होतो. आधी अंगणात दगडावर आपटायचे, हातानं विंचरायचे, मग आत. मोठ्या कचऱ्याला फडाच. अंगणाला तुऱ्हाटीचा खराटा भाऊ बांधून देतील, विकतचे 4 कशाला?
– अंजनगावची काकू

---

काकू, लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी लागतेच. 6 फड्यांतला एक पूजेचा काढून ठेवा, त्यानं आधी झाडू नका कोणी. गेल्या दिवाळीत ऐन वेळी शेजारून मागावी लागली.
– वहिनी

---

पूजेचा फडा पूजेच्या खात्यात. सफाईच्या बिलात तो धरणार नाही.
– खजिनदार

---

बरं. सुधारलेली यादी : फडे 5 + 1 (खजिनदारांच्या मर्जीप्रमाणे), खराटे भाऊंकडून, फुलझाडू 4, जाळ्यांचा झाडू 1, फिनाईल 5 लिटर, ब्लीचिंग 1 किलो, ॲसिड 2, धुण्याची पावडर 3 किलो, बकेटी 4 (दोन निळ्या, दोन लाल), फडकी, रबरी हातमोजे, फडे टांगायला खुंट्या. खुंट्या कोणत्या खात्यात ते मला विचारू नका.
– सचिव

---

ताई, खराटे बांधून ठेवतो. टेम्पोवाल्याचा फोन आला होता, त्याले सांगतलं. पन कोठीची चाबी कोनापाशी हाय? माह्यापाशी फक्त माडीची हाय.
– भाऊ