विनोदी कविता वाचली की लोक हसण्याऐवजी मान डोलावतात, काय करू?

पावटाभात:
नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीच्या गणपतीत या वेळी ऑर्केस्ट्रा कॅन्सल झालाय (बजेट) आणि त्याच्या जागी "घरचेच हास्यकवी" असा कार्यक्रम ठेवलाय, त्यात मला पाच मिनिटं दिलीत. मी एक कविता लिहून बायकोला आणि शेजारच्या काकांना ऐकवली तर दोघांनी "छान, सामाजिक आहे" असं म्हटलं, आता विनोदी कवितेला कोणी सामाजिक म्हटलं की समजायचं काय ते. कविता अशी आहे:

आमच्या सोसायटीच्या नळाला तीन दिवसांपासून पाणीच येत नाही
आणि चेअरमन काही केल्या कोणाचा फोन उचलत नाही
मीटिंगमध्ये विचारलं की त्यांच्या तोंडचं पाणी पळतं पण उत्तर मात्र देत नाही

पाण्याचा जोक मला स्वतःला बरा वाटतो, यमकही आहे, मग गाडी अडते कुठे? वात्रटिका, चारोळी, लिमरिक काहीही चालेल, फक्त लोक हसले पाहिजेत. जाणकारांनी सांगा प्लीज.

मात्रामोज्या:
जोक चांगलाय, पण तुम्ही त्याला ओळीच्या मधोमध पुरून टाकलाय. "तोंडचं पाणी पळतं" इथे लोक हसणार तेवढ्यात तुम्ही "पण उत्तर मात्र देत नाही" म्हणून पुढे निघून जाता, मग हसायचं कधी? आणि नाही-नाही-नाही हे यमक नाही हो, तोच शब्द तीनदा आलाय. गझलेत शेवटी तोच शब्द येतो खरा, पण त्याच्या आधी जुळणारा काफिया (म्हणजे यमकाचा शब्द) लागतो, तुमच्याकडे येत-उचलत-देत आहे, म्हणजे नुसता त.

दुसरं म्हणजे ओळी मोजा. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, जोडाक्षराचा आघात आधीच्या ऱ्हस्वावर आला तर त्याच्याही दोन (पण "तुम्ही", "पुन्हा" असल्या हलक्या जोडाक्षरांना हा नियम लागत नाही, तिथे आपले कान वापरायचे). आठ आठ मात्रांचे दोन तुकडे मिळून एक ओळ केलीत तर मराठीत ती आपोआप पळते. तुमचाच माल घेऊन:

नळात नाही, टाकित नाही,
कुठे पळाले पाणी बाई?
विचारले मी सभेत जेव्हा
तोंडचेहि मग पळले तेव्हा!

न-1 ळा-2 त-1 ना-2 ही-2, झाले आठ. तसंच पुढे. "टाकीत"चं "टाकित" करावं लागलं, पण तेवढी मुभा कवीला आहे. दुसऱ्या ओळीत नळाचं पाणी पळवून ठेवलं की शेवटी "पाणी" हा शब्द उच्चारायचीही गरज नाही, "तोंडचेहि" म्हटल्यावर ऐकणारा स्वतःच भरतो आणि स्वतः भरलं की त्याला स्वतःच्याच हुशारीचं हसू येतं. श्लेषाची सगळी मजा तिथेच आहे.

सौ_तिखटमीठ:
मोजदाद बरोबर असेल मोज्याभाऊ, पण "नाही"ला "बाई" हे यमक मला जरा ढिलं वाटलं, ही आणि ई. आणि सगळ्यांना बोटं मोजत बसवू नका हो, पावटाभात घाबरून जाईल. आमच्याकडे बायका इतकी वर्षं उखाणे घेतात, कोणी मात्रा मोजल्यात? उखाण्यात पहिला भाग कितीही लांब असू दे, तो भरभर म्हणून टाकायचा, नवऱ्याच्या नावाशी थांबायचं आणि मग यमक आपटायचं. परवाच एका केळवणाला मी ठोकून दिला:

फ्लॅटचा हप्ता वीस वर्षांचा, बाल्कनीत मावते एकच कुंडी,
…रावांचं नाव घेते, बँकेत अडकली दोघांची मुंडी!

मुलाची आई सोडून सगळे हसले.

पावटाभात:
मोज्याभाऊ 🙏 एकदम फरक पडला, चार ओळी लगेच चोरतोय. ताई, मुंडी भारी. आता सांगा, लिमरिक मराठीत होतं का? पाच ओळी असतात एवढंच माहितीये, आणि एका काकांचं म्हणणं की तो इंग्रजांचा प्रकार आहे, आपल्याकडे शोभत नाही.

ठाणे_स्लो:
काकांना म्हणावं, लिमरिकचा बाप मुंबईत येऊन गेलाय. एडवर्ड लियर, म्हणजे ज्याच्या 1846 च्या पुस्तकाने हा प्रकार घरोघरी नेला तो, पोटापाण्याने चित्रकार होता आणि व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकच्या बोलावण्यावरून 1873 च्या नोव्हेंबरात मुंबई बंदरावर उतरला, देशभर फिरून चित्रं काढली आणि त्या भानगडीत इथले साहेबलोक वापरतात ते देशी शब्द ऐकून त्याचं डोकं फिरलं बहुतेक. 1874 मध्ये मुंबईच्या टाइम्समध्ये त्याची एक कविता आली, ती लिमरिक नव्हे पण वेडेपणा तोच, त्यात नायिका संध्याकाळचा तारा बघायला चक्क आपल्या "धोबी"वर बसते! म्हणजे धोबी ही त्याने खुर्चीसारखी वस्तू करून टाकली, पंखे तिच्या रूपाची तारीफ करतात आणि शेवटी कमरपट्टा येऊन तिला गिळतो. इंग्लंडातल्या वाचकाला ते सगळं गूढ पौर्वात्य वाटलं असेल, पण ज्याला धोबी माहीत आहे त्याला खरं हसू येणार, म्हणजे विनोद आपल्याच बाजूला पडला.

घाट सोपा आहे: पहिली, दुसरी, पाचवी ओळ लांब आणि एका यमकाची, मधल्या दोन तोकड्या, त्यांचं यमक वेगळं. लियर शेवटच्या ओळीत बऱ्याचदा पहिल्या ओळीचाच शब्द परत आणायचा, मराठीत ते फुसकं लागतं, आपल्याला पाचव्या ओळीत काहीतरी नवीन घडलेलं हवं. वरच्या हिशोबानेच, लांब ओळी सोळा मात्रांच्या आणि तोकड्या आठच्या:

डोंबिवलीचे बापू काणे
लोकलमध्ये गाती गाणे,
श्वासहि कोंडे,
वळती तोंडे,
तान थांबते, येते ठाणे!

(काणे हे काल्पनिक आहेत, पण 8:14 ला असा एक माणूस प्रत्येक डब्यात असतोच.)

जुनाट_पेठकर:
आपल्याकडे शोभत नाही म्हणजे काय? शब्दांशी खेळायची खोड आपल्याला इंग्रज यायच्या आधीपासून आहे. बारामतीचे मोरोपंत घ्या, आर्या म्हणून आपण ज्या ओळखतो त्या त्यांच्या बहुतेक रचना खरं तर गीति आहेत, 12-18-12-18 मात्रांच्या, आणि त्यांनी एक निरोष्ठ रामायण रचलंय, म्हणजे ज्यात प-फ-ब-भ-म ही ओठ मिटवणारी अक्षरं येऊ द्यायची नाहीत. आता विचार करा, म चालत नाही म्हटल्यावर रामायणात "राम" म्हणता येत नाही! ज्याच्यावर लिहायचं त्याचंच नाव बंद. पंडिती कसरत म्हणून नाकं मुरडतात लोक, मला तर यात अठराव्या शतकातला एक माणूस स्वतःशीच हसताना दिसतो. पावटाभात, एकदा असं करून बघा, "चेअरमन" हा शब्द न वापरता चेअरमनवर लिहा, सोसायटीत त्याचा वेगळा फायदाही आहे.

आणि विडंबन करणार असाल तर अत्र्यांचं लक्षात ठेवा. केशवकुमार नावाने त्यांनी चहाच्या कपात पडलेल्या माशीवर कविता केली, तिचं शीर्षक "कषायपेयपात्रपतित मक्षिकेप्रत"! माशीला एवढा मान. विनोद असा गंभीर चेहऱ्याने करायचा असतो, भाषा जितकी शालू नेसून येईल तितकी माशी जास्त हसवते. हल्ली लोक विडंबन म्हणून गाजलेल्या गाण्यात नुसते भाजीपाल्याचे शब्द घालतात आणि मूळ चाल तिसऱ्या शब्दाला मोडतात, ते ऐकवत नाही. मूळ गाणं सगळ्यांना तोंडपाठ हवं आणि तुमचं एक अक्षरही त्याच्या ठेक्याबाहेर जाता कामा नये, नाहीतर सरळ स्वतःचं लिहावं.

मात्रामोज्या:
पेठकरकाका +1. चाल तोंडपाठ हवी म्हणता तर मनाच्या श्लोकांची चाल घ्या, भुजंगप्रयात वृत्त, लगागा चार वेळा (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू अक्षर). शाळेत प्रत्येकाने घोकलीये, पहिले तीन शब्द आले की सभागृह हात जोडायला लागतं आणि तिथेच पकडायचं. ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केलेली ही माझी, अर्थातच त्या ग्रुपवर टाकलेली नाही:

फुलांचे पहाटेच फोटो पडावे,
मला वाटते फोन पाण्यात जावे!
दुपारी पुन्हा फोन काके करावे,
"गुलाबास माझ्या न का तू बघावे?"

"काके" म्हणजे काकांनी, जुन्या तृतीयेचा आव. असा एखादा शब्द पडला की पेठकरकाकांच्या त्या शालूचा काठ तरी दिसतो.

सौ_तिखटमीठ:
😂 काके! मोज्याभाऊ, हे माझ्या सासऱ्यांना पाठवणार आणि तुमचं नाव सांगणार.

पावटाभात, लिहिण्याचं सगळं सांगून झालं, आता म्हणायचं सांगते कारण तिथेच माणसं आपटतात. मुशायऱ्यासारखी प्रत्येक ओळ दोनदा म्हणू नका, शेराला ते चालतं, वात्रटिकेची शेवटची ओळ दुसऱ्यांदा म्हटली की शिळी होते. "आता गंमत ऐका हं" हे तर अजिबात नको. तिसऱ्या ओळीनंतर एक श्वास थांबा, चौथी हळू आवाजात आणि स्पष्ट म्हणा आणि तोंड बंद ठेवा, स्वतः आधी हसायचं नाही. पाच मिनिटांत सहा-सात पुरतात, सगळ्यात बरी शेवटी आणि दुसऱ्या नंबरची बरी सुरुवातीला. आणि माइक टेस्ट करताना "हॅलो हॅलो"च्या जागी ते टाकीचं म्हणून बघा, चेअरमन समोर बसलेले असतील तर लगेच कळेल पुढची म्हणायची की आरतीला सुरुवात करायची.