छोट्या धंद्याचा लोगो: कुठे चालतो, कुठे फसतो (अनुभव लिहा)

पाटीवाला
सोसायटीच्या ग्रुपवर फराळाची पत्रकं यायला लागली. एका लोगोत पणती, सूर्य, तुळशीचं पान, नऊवारीतली बाई आणि खाली वळणदार इंग्रजी नाव, सगळे गुण्यागोविंदाने नांदतायत. डीपीच्या गोलात मात्र नुसता पिवळा डाग. जुन्या रंगवलेल्या पाट्या आठवल्या. दोन रंग, एक नाव, रस्त्यापलीकडून वाचता येणारं.

लोगो हातात आला की आधी तीन ठिकाणी लावून बघावा: ३८ बाय १४ मिमीचा सेल्फ-इंक शिक्का, व्हॉट्सअ‍ॅपचा गोल डीपी आणि काळीपांढरी झेरॉक्स. तिन्हीकडे नाव वाचता आलं तरच पुढचा खर्च. तुमच्या कामातले बारकावे लिहा, दिवाळीआधी बऱ्याच जणांना उपयोग होईल.

शाईदौत
प्रेसवाल्यांच्या वतीने हात जोडून विनंती. फोटो म्हणून लोगो पाठवू नका, व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तोही कोरलड्रॉची फाईल किंवा व्हेक्टर (कितीही मोठी केली तरी कडा न फुटणारी) पीडीएफ. जेपीजी पीडीएफमध्ये घातला म्हणून तो व्हेक्टर होत नाही. ४०० टक्के झूम करा, कडा फुटल्या तर समजा तो फोटोच आहे.

अक्षरं कर्व्ह करून घ्या, म्हणजे फाँट न लागणारे आकार होतात (कोरलमध्ये कंट्रोल क्यू). श्रीलिपी फाँटातलं नाव कर्व्ह न करता आलं आणि आमच्याकडे तो फाँट नसला की 'अन्नपूर्णा'च्या जागी चिन्हांची खिचडी उघडते. पण कर्व्ह न केलेली एक प्रत स्वतःकडे ठेवा, नंतर अक्षर बदलायचं झालं तर तीच लागते.

बारीक काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत, के १००. चार शाया मिळून केलेला काळा असेल आणि छपाईत प्लेट केसभर सरकली, तर प्रत्येक अक्षराला लाल-निळी सावली येते. मग भांडण आमच्याशी.

खमंग_भाजणी
👆 के १०० चं आज कळलं. आमच्या लेबलवर ती सावली आहेच!

दुपारचा_चहा
आमच्या इथे एका लोगोत मालक, मालकाचे वडील आणि गणपती आहेत. तिघांत गणपती सगळ्यात लहान 😄

काळा_कोट
ट्रेडमार्क म्हणून नाव आणि चित्र वेगवेगळं नोंदवता येतं. पैसे एकाच अर्जापुरते असतील तर आधी नुसतं नाव नोंदवा. उद्या चित्र बदललं तरी नाव तुमचंच राहतं. अर्ज टीएम-ए, ऑनलाइन फी व्यक्ती किंवा लघुउद्योगाला मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. मसाले, पिठं वर्ग ३०, लोणची २९, खानावळ-केटरिंग ४३. ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आल्यावर ४ महिने कोणीही हरकत घेऊ शकतं. नोंदणी १० वर्षांची, मग नूतनीकरण. अर्ज करण्याआधीही ™ लावता येतं, गोलातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच.

'घरगुती', 'गावरान', 'शुद्ध' असं मालाचं वर्णनच नाव म्हणून टाकलं की ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली आक्षेप येतो. आणि अ‍ॅपच्या लायब्ररीतलं चित्र वापरून लोगो केला असेल, तर तेच चित्र दुसऱ्या शंभर जणांना खुलं आहे. त्यावर हक्क कसा सांगणार?

सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट म्हणजे डिझायनरकडून हक्क लेखी घेणं. नुसतं बिल पुरत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दोन ओळी जास्त लिहून घ्या: कायमस्वरूपी, जगभरासाठी. मूळ फाईलही त्यातच मागा.

रानमेवा
कोटसाहेब, महाराजांचं चित्र लोगोत चालतं का? मावसभावाला हवंय, ऐकतच नाही.

काळा_कोट
नाही. १९५० च्या चिन्हे व नावे कायद्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहे. तिरंगा, अशोकस्तंभही. व्यापारासाठी नाहीच. भावाला हेच वाचून दाखवा.

खमंग_भाजणी
लेबलवाल्यांसाठी. लोगो मोठा करायच्या नादात शाकाहारीच्या हिरव्या खुणेला जागा उरत नाही. दर्शनी भाग १०० चौ. सेमीपर्यंत असेल तर हिरव्या गोलाचा व्यास किमान ३ मिमी, १०० ते ५०० ला ४ मिमी, आणि भोवतीच्या चौकोनाची बाजू व्यासाच्या दुप्पट. ती नावाजवळच हवी. शिवाय एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ अंकी नंबर. ही जागा आधी आखा, उरलेल्यात लोगो.

क्रोमो पेपरचा (चकचकीत कागदाचा) स्टिकर चकलीच्या पाकिटाला लावू नका. तेल शोषतो, दोन दिवसांत नावावर पारदर्शक डाग. पीपी (प्लास्टिकचा) स्टिकर, वर लॅमिनेशन. बरणीच्या झाकणाच्या गोल स्टिकरला कडेपासून ३ मिमी आत काहीच मजकूर नको, कटिंग थोडं इकडेतिकडे होतंच.

उसवण
एप्रन-टोपीवर भरतकाम असेल तर आधी लोगो डिजिटाइझ करून डीएसटी फाईल (मशीनला टाके सांगणारी) करावी लागते. पैसे टाक्यांच्या हजारावर. ५ मिमीपेक्षा छोटी अक्षरं बुजून जातात, त्यात देवनागरी म्हणजे जोडाक्षरांचा गठ्ठा. छातीवर ३ ते साडेतीन इंच रुंदी पुरे. छटा भरतकामात नीट उतरत नाही, सपाट रंग द्या. टॅगलाइन गाळा, कोणी तुमच्या छातीशी येऊन वाचत नाही.

पाटीवाला
उसवण 😂

फिरता_ब्रश
पाटीचं राहिलं. लांबून आरामात वाचायला दर १० फुटांना १ इंच अक्षर धरतात. देवनागरीत हा इंच शिरोरेषेखालच्या अक्षराचा मोजा, वेलांटी-उकार धरून नाही. ४० फुटांवरच्या स्टॉपवरून वाचायचं तर अक्षराचं अंग ४ इंच, आणि वरच्या मात्रांना, खालच्या उकारांना वेगळी जागा. डिझायनर इंग्रजीच्या हिशेबाने पट्टी आखतो आणि 'कुर्डूकर'चे उकार कापले जातात.

महाराष्ट्रात पाटीवर मराठी देवनागरीत लागतंच आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही. म्हणून देवनागरी लोगो पहिल्यापासूनच करा, नंतर इंग्रजीखाली चिकटवलेला ओळखू येतो. मुक्ता, बलू, यात्रा वन हे फाँट फुकट आणि धंद्याला वापरायला मोकळे आहेत. ल आणि श मराठी वळणाचे आलेत ना बघा, बऱ्याच फाँटांत आपोआप हिंदी वळण येतं. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसली असेल तर सॉफ्टवेअरची भारतीय लिपीची सेटिंग बंद आहे.

उन्हात लाल आणि पिवळा आधी उडतो. पश्चिमेला तोंड असलेल्या दुकानाने नाव तरी गडद निळ्यात किंवा काळ्यात घ्यावं.

रानमेवा
क्यूआर कोडच्या मधोमध लोगो टाकला, आता गिऱ्हाइकाच्या फोनवर स्कॅनच होत नाही. काय चुकलं?

शाईदौत
कोड बनवताना एरर करेक्शनची पातळी एल किंवा एम ठेवली असेल, तिथे फक्त ७ किंवा १५ टक्के नुकसान भरून निघतं. एच घ्या, ३० टक्के. तरीही लोगोने पाचव्या भागाहून जास्त जागा खाऊ नये, कोपऱ्यातले तीन चौकोन मोकळे. भोवती कोडातल्या ४ घरांएवढी पांढरी पट्टी हवीच. पांढऱ्यावर गडद, उलटं नको. छापायच्या आधी जुन्यात जुन्या फोनवर बघा.

खमंग_भाजणी
कापडी पिशवीवर लोगो छापून घ्यायचाय. पुण्यात एका रंगाला साधारण काय घेतात?

शाईदौत
ताई, भाव नगावर ठरतो, कारण प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन (छपाईची जाळी). ५० पिशव्यांना आणि ५०० ला स्क्रीन तीच. म्हणून एकच रंग ठेवा. कापडावर शाई पसरते, १ मिमीपेक्षा बारीक रेघ नको. गडद पट्टीत पांढरी अक्षरं नकोत, 'क'चं पोट भरून जातं.

दुपारचा_चहा
भाजणीताई, विषय सोडून विचारते, चकली तेलात सोडली की तुकडे पडतात. मोहन जास्त झालं का?

खमंग_भाजणी
हो, मोहनच. त्याच पिठात थोडी कोरडी भाजणी घालून परत मळा, आधी एकच तळून बघा. ऑर्डर किती किलोची आहे?

दुपारचा_चहा
घरच्यापुरती हो! लोगोबिगो काही नाही 😀